जर्मन स्टेशनाला अमेरिकन करताना: आधी कौलं उतरवा

गार्डाचा_डबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या उन्हाळ्यात इथे न्यू जर्सीत आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी घर विकायला काढलं आणि गॅरेजमधला सगळा पसारा अंगणात मांडला. त्यात एका खोक्यात फालर आणि फोल्मर या जर्मन कंपन्यांची, मॉडेल रेल्वेसाठीच्या छोट्या इमारतींची पाच किटं होती, पाचही न जोडलेली. खेड्यातलं एक स्टेशन, एक सिग्नल केबिन, लाकडी चौकटींच्या भिंतींची जोडघरं, विटांचा कारखाना आणि कांद्यासारख्या घुमटाचं चर्च. सगळं एचओ, म्हणजे १:८७ मापाचं. चाळीस डॉलर देऊन खोकं उचललं. बायकोने नुसतं बघितलं, बोलली काही नाही.

आता माझा लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेचा मांडलेला देखावा, आहे पश्चिम पेनसिल्व्हानियातल्या एका काल्पनिक गावाचा, साल १९५३. पेनसिल्व्हानिया रेलरोडची वाफेची इंजिनं अजून धापा टाकतायत (१९५७ मध्ये ती कायमची विझली), शेजारी डिझेलं येऊन उभी राहिली आहेत, डोंगरातून कोळसा उतरतोय. त्यात हे ब्लॅक फॉरेस्टमधलं गोंडस स्टेशन कुठे बसवायचं?

सुरुवातीला सगळे करतात तेच मीही केलं. डब्यावरच्या चित्राप्रमाणे भिंती जोडल्या, जर्मन पाटीच्या जागी इंग्रजी पाटी, दारात अमेरिकेचा झेंडा, कोपऱ्यावर फायर हायड्रंट. बायको म्हणाली, "स्वित्झर्लंडमधल्या अमेरिकन वकिलातीसारखं दिसतंय." पाच सेकंदांत निकाल.

मग आठवडाभर ते टेबलावर ठेवून नुसतं बघत बसलो. लेआउट छातीच्या उंचीला असला तरी आपण त्याकडे बघतो वरूनच, समोरच्या उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरून खालचा रस्ता बघावा तसं. म्हणजे डोळ्यात पहिलं भरतं छप्पर. आणि इथे आपल्या मराठी डोळ्याची गोची आहे. लाल कौलं आपल्याला परकी वाटतच नाहीत! आजोळच्या घरावर तीच होती. म्हणून माझी नजर छपरावरून घसरून थेट पाटीवर जात होती. बायको न्यू जर्सीतच लहानाची मोठी झालेली, तिला आधी छप्परच खटकलं. पेनसिल्व्हानियातल्या अशा गावात घराघरांवर दिसणार स्लेट, शिंगल, डांबरी कागद किंवा पत्रा.

सुदैवाने छप्पर चिकटवलं नव्हतं, वर नुसतं टेकवलं होतं. ते उचलून ठेवून दिलं आणि नवीन केलं. आकडे देतो, कारण आकड्यांशिवाय हे काम होत नाही. एचओमध्ये १ फूट म्हणजे ३.५ मिमी, एवढं एक पाठ करा. माझ्या स्टेशनाची रुंदी ७० मिमी, मूळ छप्पर ४५ अंशांचं, म्हणजे आढं भिंतीच्या माथ्यापासून ३५ मिमी वर. अमेरिकन सुतार उतार अंशांत सांगत नाहीत, बारा इंच आडवं गेल्यावर किती इंच चढलो ते सांगतात. मी बाराला सहा धरला. आढं साडेसतरा मिमीवर आलं, म्हणजे बरोबर निम्मं. दोन्ही टोकांच्या भिंतींचे त्रिकोण त्या मापाने कापले. छाती धडधडत होती, खोटं कशाला सांगू.

पाखी एक मिमीच्या स्टायरीन (प्लास्टिक) शीटची केली. जर्मन किटात वळचण जेमतेम बाहेर येते. अमेरिकन डेपोची (एसटीचा नव्हे, तिकडे लहान स्टेशनाला डेपो म्हणतात) वळचण चांगली रुंद असते, खाली ब्रॅकेटं, म्हणजे पावसात हातगाडीवरचं सामान भिजत नाही. मी चार फूट सोडली, १४ मिमी. प्रत्येक पाखं उतारावर मोजून ५५ मिमी लांब झालं. वर डांबरी कागद दाखवायला मास्किंग टेप. खऱ्या कागदाची गुंडाळी ३६ इंच रुंद येते, म्हणून टेपच्या साडेदहा मिमीच्या पट्ट्या कापल्या आणि खालून वर, एकीवर दुसरीची कड चढवत, कौलं शाकारतात त्याच क्रमाने लावल्या. रंग काळा नको. काळा रंग खेळण्यासारखा दिसतो. गडद करडा घ्या आणि एखादी पट्टी किंचित फिकी ठेवा, तिथे नंतर डागडुजी झाली म्हणून.

तीच पाटी, तोच हायड्रंट परत ठेवला. या वेळी बायको म्हणाली, "हं."

भिंती, खिडक्या, दारं यावर अजून काम चालू आहे. विचारा, सांगतो. चुकलो असेन तर सुधारा.

---

नवखा_सिग्नल (नागपूर)

दादा, भारी! मी आत्ताच सुरुवात केली आहे. एक शंका. माझ्याकडचं एक जुनं किट एचओ लिहिलेलं आहे, पण माणसं शेजारी ठेवली की घर बाहुलीचं वाटतं. माझी माणसं मोठी की घर लहान?

---

श्टुटगार्टची_सुमा

घर लहान, माणसं बरोबर. जुन्या जर्मन किटांत ही जुनी गंमत आहे. डब्यावर १:८७ असलं तरी बरीचशी १:१०० च्या आसपास काढलेली असायची, कारण लोकांच्या घरी जागा कमी आणि गाव तर अख्खं हवं. वर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) घे आणि दार मोज. अमेरिकन दार साधारण ८० इंच उंच, ३६ इंच रुंद, म्हणजे एचओमध्ये २३ मिमी उंच आणि साडेदहा मिमी रुंद. तुझं किती भरतं बघ.

गार्डाचा_डबा, छपराबद्दल एक राहिलं. आमच्याकडे छपरावर बर्फ अडवायच्या जाळ्या असतात आणि धुराडं झाडणाऱ्या माणसाला चढायला पायऱ्या. किटातही हे बारीक नगासारखे येतात आणि उत्साहात चिकटवले जातात. ते मुळीच लावू नकोस, इतर सगळं जमलं तरी तेवढ्यावरून जर्मन माणूस ओळखेल.

---

गार्डाचा_डबा

सुमाताई, जाळ्या काढल्या होत्या, पायऱ्या राहिल्या होत्या! आत्ता जाऊन कटरने उडवल्या. धन्यवाद.

---

खवचट_कौलारू (चिपळूण)

सगळं वाचलं. चाळीस डॉलरचं घेतलं, त्यावर महिनाभर खपला, मूळ छप्पर टाकून दिलं, खिडक्याही टाकणार म्हणता. उरलं काय? सरळ अमेरिकन किट का नाही घेत? वॉल्दर्सची ढिगाने मिळतात की.

आणि आमच्या मंगलोरी कौलांना परकं म्हणाल तर बघा.

---

गार्डाचा_डबा

कौलारूशेठ, उरलं काय हा प्रश्न रास्त आहे. उरल्या चार भिंती आणि माझा महिना. वॉल्दर्सची किटं घेतो ना, माझ्या मुख्य रस्त्यावर तीच आहेत. पण तीच सगळ्यांच्या रस्त्यावर आहेत. क्लबात गेलं की प्रत्येकाच्या गावात तोच बँकेचा कोपरा, तेच हार्डवेअरचं दुकान. माझं स्टेशन दुसऱ्या कुणाकडे नाही.

कौलांबद्दल मात्र तुम्हालाच एक बातमी देतो. मंगळुरात यंत्रावरच्या कौलांचा कारखाना पहिल्यांदा काढला तो बासेल मिशनने, १८६५ साली. स्वित्झर्लंडमधल्या बासेलची संस्था, माणसं बरीचशी जर्मन. तुमच्या चिपळूणच्या घरावर आणि माझ्या किटावर एकाच मुलुखाचा हात फिरला आहे. म्हणून तर मला ती परकी वाटली नाहीत!

---

खवचट_कौलारू (चिपळूण)

हे माहीत नव्हतं. बरं, शब्द मागे. छपरापुरते.

---

सिएटलचा_सदू

गार्डसाहेब, एवढा खटाटोप कशाला? गावाचं नाव लेव्हनवर्थ ठेवा आणि किटं डब्यावरच्या चित्रासारखीच जोडा. आमच्या वॉशिंग्टन राज्यात डोंगरात खरंच आहे. लाकूडतोडीचं गाव, ग्रेट नॉर्दर्नची गाडी तिथून जायची. १९२०च्या दशकात रेल्वेने मार्ग बदलला, यार्ड वेनाचीला हलवलं, गाव बसलं. मग १९६०च्या दशकात गावकऱ्यांनी पर्यटक यावेत म्हणून अख्खा मुख्य रस्ता बव्हेरियन करून टाकला. लाकडी सज्जे, भिंतींवर चित्रं, कुंड्यांत जिरॅनियम. जॉर्जियातल्या हेलनने १९६९ पासून तेच केलं. म्हणजे तुम्ही जर्मनचं अमेरिकन करताय आणि अमेरिकन लोक खऱ्या आकाराच्या इमारतींवर उलटं किटबॅशिंग (किट कापून-जोडून दुसरंच काही बनवणं) करून बसलेत.

---

गार्डाचा_डबा

हाहाहा. सदूभाऊ, हे वापरणार कुठेतरी. पण माझं साल १९५३ आहे हो, तेव्हा लेव्हनवर्थ साधंच होतं.

---

सिएटलचा_सदू

मग शॅले घ्या. ग्रेट नॉर्दर्नने ग्लेशियर नॅशनल पार्कची जाहिरात अमेरिकेचे आल्प्स म्हणून केली आणि माँटानात बेल्टनला १९१० साली चक्क स्विस शॅले, म्हणजे आल्प्समधल्यासारखी लाकडी घरं, बांधली. रेल्वेच्याच पैशाने. १९५३ च्या लेआउटवर तिथे फालरचं शॅले ठेवलं तर कोणाची हरकत नाही. लाकडी चौकटीच्या भिंतीही सरसकट खरडू नका. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये फॉरेस्ट हिल्सचं लाँग आयलंड रेलरोडचं स्टेशन बघा, १९११ चं, लाकडी चौकटी दिसणाऱ्या ट्यूडर शैलीतलं.

---

गार्डाचा_डबा

हे खरंय, पण फॉरेस्ट हिल्स म्हणजे पैसेवाल्यांचं आखीव उपनगर. माझं गाव कोळशाचं, तिथे असले लाड कोण करणार? चौकटी जाणार.

आता भिंतींचं सांगतो, आणि सोबत माझा गाढवपणाही. पहिल्या घराच्या चौकटी उठावाच्या होत्या. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन दोन संध्याकाळी घासत बसलो, बोटं सोलली, तरी रेषा दिसतच राहिल्या. मग लख्ख प्रकाश पडला. भिंत उलटी करा! आतली बाजू सपाट असते. ती बाहेर घ्यायची आणि वर आडव्या फळ्यांचं नक्षीकाम असलेलं तयार स्टायरीन शीट चिकटवायचं, खिडक्यांची भोकं मागून कटरने कापून घ्यायची. बाजू उलटली की डावं-उजवं बदलतं, दार कुठे जातं ते आधी कागदावर काढून बघा. मी नाही बघितलं. दार गल्लीऐवजी शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडू लागलं.

पण खरा घोटाळा पुढे. शीट नीट बसावं म्हणून मी अख्ख्या भिंतीला पातळ सॉल्व्हंट गोंद भरपूर फासला, वर वजन ठेवलं, रात्री झोपलो. सकाळी झकास. चार दिवसांनी भिंत केळ्यासारखी वाकलेली. दोन प्लास्टिकच्या मध्ये अडकलेला द्रव बाहेर पडायला वाट शोधतो, नाही मिळाली की प्लास्टिक ओढून घेतो. दुसऱ्या भिंतीला शहाणा झालो. आतल्या भिंतीला जागोजागी २ मिमीची भोकं पाडली, गोंद फक्त कडांना आणि भोकांतून थेंब थेंब, आत दोन आडव्या पट्ट्यांचे टेकू. सरळ आहे अजून, लाकूड ठोकून सांगतो. मोठ्या भिंतीला दुहेरी चिकटपट्टीसुद्धा चालते असं क्लबातले म्हातारे सांगतात.

---

नवखा_सिग्नल (नागपूर)

दादा, इकडे ते फळ्यांचं शीट मागवलं की कस्टमसकट किटाएवढे पैसे होतात. सनबोर्ड चालेल का?

---

कोथरूडकर_काका

बाळा, सनबोर्ड भिंतीच्या आतल्या आधाराला वापर, बाहेर नको. त्याची कड फुगीर, खिडकीपाशी उघडी पडते. बाहेरून जाड ड्रॉइंग पेपरच्या दीड मिमीच्या पट्ट्या काप, खालून वर एकीवर एक चढवत फेव्हिकॉलने लाव. पाच इंची फळी झाली. कागदाला आधी पातळ लॅकर मार, नाहीतर रंगाच्या पाण्याने फुगतो. वेळ जातो. जाऊ दे की, छंद कशासाठी असतो?

गार्डा, तुझ्या धाग्यामुळे आमच्याकडची जोशी लघुरेल्वे, ते छोट्या गाड्यांचं संग्रहालय, आठवली. नातवाला दोनदा दाखवून आणलं. त्याला गाड्या आवडल्या, मी घरंच बघत बसलो.

---

गार्डाचा_डबा

काका, मला हा नाद तिथेच लागला! लहानपणी रविवारी बाबा घेऊन जायचे. गावाचं नाव मी पार्व्हटन ठेवलंय ते उगाच नाही.

---

कोथरूडकर_काका

पर्वती! अरे लबाडा.

---

श्टुटगार्टची_सुमा

खिडक्या बदलल्यास का? नुसत्या फोटोवरून इमारत कुठली ते मी खिडक्यांवरूनच सांगते. आमच्या खिडकीला मध्ये उभा दांडा, दोन झडपा आत उघडतात, वरती बहुतेकदा एक वेगळं आडवं तावदान. तुमच्याकडे झडपा सहसा नसतात, खालची फ्रेम वर सरकते.

---

गार्डाचा_डबा

अगदी बरोबर, तेच चालू आहे. दोन रस्ते आहेत. टिची कंपनीच्या तयार अमेरिकन खिडक्या घ्यायच्या, भोक त्या मापाचं करायचं आणि मोकळं व्हायचं. स्टेशनाच्या रुळाकडच्या बाजूला मी तेच केलं, तिथे नजर जवळ जाते. मागच्या बाजूला कंजूसपणा. किटातल्याच खिडकीचा मधला उभा दांडा कापला, बरोबर मध्यावर अर्ध्या मिमीची आडवी पट्टी लावली. खालची काच वरच्या काचेपेक्षा एक पातळ थर आत बसवली की वर-खाली सरकणारी खिडकी तयार. एका खिडकीची खालची काच थोडी वर सरकवून ठेवली, उन्हाळा आहे म्हणून. ही पाच मिनिटांची चलाखी सगळ्या धाग्यात मला सर्वात आवडलेली.

बाकी स्टेशनाला रुळाच्या बाजूला पुढे आलेली खिडकी केली. आत तारमास्तर बसतो आणि दोन्हीकडची गाडी त्याला जागेवरून दिसते. कापलेल्या त्रिकोणांतून उरलेल्या तुकड्यांतच ती झाली. स्टेशनावरचं घड्याळ काढून टाकलं. उंच फलाटही काढून टाकला, तिकडे रुळाच्या माथ्याएवढीच विटांची फरसबंदी असते आणि उतारूंसाठी कंडक्टर खाली एक छोटा स्टूल ठेवतो. तो स्टूल २ मिमीचा झाला आणि दोनदा हरवला. एकदा सतरंजीत सापडला, दुसऱ्यांदा सापडला नाही.

कारखान्यावर फारसं खपावं लागलं नाही. विटांचा कारखाना जर्मनीत काय, पिट्सबर्गजवळ काय, चुलतभाऊच. भिंतीवर रंगवलेली जुनी जाहिरात टाकली. घरच्या प्रिंटरवर पातळ कागदावर छापली, मागून पॉलिश पेपरने घासून आणखी पातळ केली, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने लावली आणि ओली असताना ब्रशने विटांच्या सांध्यांत दाबली. सिग्नल केबिनही सोपी. खाली लिव्हरची यंत्रणा, वर माणूस, रचना दोन्हीकडे तीच.

जोडघरांपैकी एक घर मुख्य रस्त्यावर दुकान झालं. तिरपं छप्पर काढून टाकलं, समोरची भिंत विटांच्या शीटने वर उचलली, माथ्यावर कंगोरा, मागे किंचित उताराचं सपाट डांबरी छप्पर. जुन्या मुख्य रस्त्यांवर २५ फुटी प्लॉट नेहमीचे, म्हणजे साडेसत्त्याऐंशी मिमी. घर ९५ चं होतं. कापलं.

---

खवचट_कौलारू (चिपळूण)

आणि चर्च? कांदा तसाच ठेवणार?

---

गार्डाचा_डबा

हा प्रश्न यावा म्हणून थांबलो होतो! कांद्याला हातही लावला नाही. पेनसिल्व्हानियाच्या कोळशाच्या आणि पोलादाच्या गावांत पूर्व युरोपातून आलेल्या मजुरांनी बांधलेली ऑर्थोडॉक्स आणि ग्रीक कॅथलिक चर्चं आहेत, कांद्याच्या घुमटांची. घुमट मूळचा बव्हेरियन कॅथलिक, पण त्याला फक्त वरचा क्रॉस बदलावा लागला. त्यांच्या क्रॉसला तीन आडव्या काड्या असतात, वर एक आखूड, मध्ये नेहमीची, खाली एक तिरपी. पितळी तारेचे दोन तुकडे चिकटवले. पाचही किटांत हेच सर्वात परकं म्हणून मी शेवटी ठेवलं होतं आणि तेच सर्वात कमी कामात पार्व्हटनचं झालं.

परवा आईला व्हिडिओ कॉलवर स्टेशन दाखवलं. पिवळट भिंत, बुटकं छप्पर, रुंद वळचण, खाली हातगाडी. ती म्हणाली, "अय्या, लोणंदचं स्टेशन का रे?"

---

श्टुटगार्टची_सुमा

आई जिंकल्या.

---

नवखा_सिग्नल (नागपूर)

दादा, वर्नियर मिळाला एकदाचा. दार १९ मिमी आहे. माणूस टोपीसकट २१ मिमी. आता?

---

गार्डाचा_डबा

म्हणजे सुमाताईंचं खरं, तुझं किट १:१०० च्याच जवळचं आहे. घाबरू नको. दाराचं भोक वर ४ मिमी वाढव आणि २३ मिमीचं दार बसव. नुसतं दार वाढवलं की वरची खिडकी दाराच्या डोक्यावर बसल्यासारखी दिसते, म्हणून भिंतींखाली ५ मिमीचं जोतं घाल, समोर तीन पायऱ्या आणि लाकडी ओसरी. जोतं वर आलं की अख्खं घर अंगापिंडाने भरल्यासारखं दिसतं. आणि त्या माणसाला जरा मागे, कुंपणापाशी उभा कर. दारात नको.

कापायच्या आधी फोटो टाक.